लोहडी, भोगी आणि शिशिरचर्या

तारापूर औद्योगिक वसाहत व अणुविद्युत केंद्र यांमुळे बोईसर परिसरात देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी पंजाबी कुटुंबे संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी लोहडी साजरी करतात. त्याच दिवशी आपल्या घरी भोगी असते. दोन प्रांतांचे हे दोन सण एकाच दिवशी यावेत व दोहोंत तीळ, गूळ आणि उष्णता यांना मान असावा, हा निव्वळ योगायोग नव्हे. त्यामागील ऋतुचर्येचा विचार आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

लोहडीला कापणीचा सण म्हणतात, परंतु त्या वेळी पंजाबात गहू शेतात उभाच असतो. त्याची कापणी वैशाखीच्या सुमारास होते. लोहडीच्या वेळी घरात आलेला असतो तो ऊस व त्याचा ताजा गूळ. शेकोटी पेटवून तीतʼ तीळ, गूळ, रेवडी, शेंगदाणे व मक्याच्या लाह्या अर्पण करतात व तोच प्रसाद वाटतात. नववधू व नवजात बालक यांची पहिली लोहडी विशेष थाटाने होते. गाण्यांतून अकबरकालीन बंडखोर दुल्ला भट्टी याचे स्मरण केले जाते. आपल्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावटा, हरभरा, गाजर, वांगी यांची मिसळीची भाजी आणि अभ्यंगस्नान असते. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण सर्वांना परिचित आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात हेमंतचर्या सांगितली आहे. शीत वायूच्या स्पर्शाने अग्नी आत कोंडला जाऊन बलवान होतो. त्यास पुरेसे अन्न न मिळाल्यास तो शरीरातील रसाचाच क्षय करतो व वायू प्रकुपित होतो. म्हणून स्निग्ध, अम्ल, लवण आहार, गोरस, उसाचे पदार्थ, तेल, नवा भात, तसेच अभ्यंग, स्वेद व आतपसेवन विहित आहे. शिशिरात हीच चर्या असून आदानकालाची रूक्षता वाढल्याने उष्ण व निवात स्थानाचा आश्रय अधिक करावा, असे सांगितले आहे. लोहडीची शेकोटी आणि भोगीचे अभ्यंग यांचा अर्थ येथे स्पष्ट होतो. मका व भुईमूग ही पिके अमेरिका खंडातून आलेली असल्याने संहितांत नाहीत. त्यांचा विचार गुणांवरूनच करावा लागतो.

मात्र खरा प्रश्न पुढे आहे. त्याच चरकसंहितेत प्रमेहाच्या हेतूंमध्ये नवे धान्य, गुळाचे पदार्थ, दूध, दही व आनूप मांस यांची गणना आहे. जे हेमंतात पथ्य, तेच प्रमेहास कारण! हा विरोध नव्हे. त्याच हेतूंत सुखासीनता व अतिनिद्रा यांचाही उल्लेख आहे. ऋतूने अग्नी वाढला आणि श्रमाने अन्न पचले, तरच गुरू आहार बल देतो. पंजाबच्या कडक थंडीत शेतावर राबणारा शेतकरी आणि पालघरच्या दमट, सौम्य हिवाळ्यात पाळीची बैठी नोकरी करणारा त्याचा नातू यांना एकच मात्रा लागू पडणार नाही. किनारपट्टी हा आनूप देश आहे. येथे कफाचा विचार आधी करावा लागतो.

तीळ उष्ण, बल्य, केश्य खरे, पण गुरू व कफपित्तकर आहेत, असे वाग्भट सांगतात. नवा गूळ कफ वाढवून अग्नी मंद करतो. जुना गूळ पथ्यकर आहे. सुश्रुतांनी काळे तीळ श्रेष्ठ मानले आहेत. मायाळूची भाजी तिळाच्या कल्कासह केल्यास अतिसार होतो, असे चरकांचे वचन असल्याने भोगीच्या भाजीत तीळकूट असताना मायाळू टाळावी.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात. प्रमेही व स्थूल रुग्णांस तिळगूळ प्रसादापुरता द्यावा. बाजरीची भाकरी व भाज्या मात्र मोकळेपणी सांगाव्यात. तमकश्वासाच्या रुग्णास शेकोटीच्या धुरापासून दूर बसवावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर हे देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले गेले होते, हे येथे विसरू नये. औषधी दुकानदार बंधूंनी हिवाळी अवलेह व पाक देताना ग्राहकाची भूक, श्रम व साखरेचा विकार यांची चौकशी अवश्य करावी. हेमंतात साचलेला कफ वसंतात सूर्यतापाने वितळून अग्नी मंद करतो. म्हणून थंडी ओसरू लागताच हे पौष्टिक प्रयोग क्रमाने कमी करावेत. सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते, संक्रांत त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी येते. तेव्हा तिथीपेक्षा ऋतूची लक्षणे पाहून निर्णय घेणे श्रेयस्कर.

सण हे ऋतुचर्येचे लोकांनी जपलेले रूप आहे. कोणी, किती व कोठवर खावे हे सण सांगत नाही. ते सांगणे वैद्याचे काम आहे. लोहडी असो वा भोगी, रुग्णाला ती वर्ज्य न करता त्याच्या प्रकृतीस व अग्नीस मानवेल अशी करून देणे, यातच आपल्या शास्त्राची उपयुक्तता आहे.