चावडीवरचा नवा शिपाई

बाजारभाव, पाऊसपाणी व फवारणी यांविषयींची जी बोलणीं पूर्वीं चावडीच्या ओट्यावर होत, तीं आतां मोबाईलवरील टेलिग्रामच्या गटांत होऊं लागलीं आहेत, हें शेतकरीबंधूंस सांगावयास नको. अशा एका गटांत दोन लाखांपर्यंत सभासद घेतां येतात. परंतु जेथें दार उघडें तेथें चोरहि शिरतो. आमच्या कांदा पिकविणारांच्या गटांत अनुदानाच्या नांवाखालीं खोट्या लिंका, बँकेंतील ठेव पळविणाऱ्या एपीके फायली व "पांच मिनिटांत कर्ज" अशा जाहिराती नित्य येऊं लागल्या. रात्रंदिवस पहारा कोण करणार? म्हणून बॉट नांवाचा यंत्रनोकर नेमण्याचें ठरलें. त्याची हकीकत, आमच्या चुकीसह, येथें देत आहों.

बॉट म्हणजे नेमून दिलेल्या नियमांप्रमाणें संदेश तपासणारा प्रोग्राम होय. टेलिग्रामनें ही सोय २०१५ सालीं सर्वांस खुली केली. प्रथम टेलिग्रामच्याच बॉटफादर नामक बॉटकडे मागणी करून नव्या बॉटचें नांव ठरवावें. मग तो टोकन नांवाची एक लांबलचक अक्षरमाला देतो. ती तिजोरीच्या किल्लीप्रमाणें जपावी, कारण टोकन ज्याच्या हातीं, बॉट त्याच्या हुकमांत. तें फुटल्यास रद्द करून नवें घेतां येतें. प्रोग्राम मात्र अखंड चालूं असणाऱ्या संगणकावर ठेवावा लागतो. आमच्या पुतण्यानें त्यासाठीं भाड्यानें जागा घेतली. नंतर बॉटास गटाचा व्यवस्थापक नेमावें, म्हणजे त्यास सर्व संदेश दिसतात. त्या वेळीं अधिकार एकेक निवडून देतां येतात. नवे व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार त्यास कदापि देऊं नये.

इतकें आम्हीं नीट केलें. चूक पुढें झाली. कर्जाच्या जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून "कर्ज" हा शब्दच वर्ज्य केला. परंतु मराठींत शब्दास प्रत्यय लागतात. "कर्जाचें", "कर्जासाठीं" हे बॉटास ओळखूं येईनात. तेव्हां हीं अक्षरें कोठेंहि आलीं तरी संदेश काढावा, आणि तीनदां तसें झाल्यास सभासदास बाहेर घालवावें, असा नियम केला. दुसऱ्याच दिवशीं कर्जत येथील बियाण्याची एका गृहस्थानें केलेली चौकशी गडप झाली. आम्ही हंसलों व विसरलों.

त्याच आठवड्यांत एका तरुण शेतकऱ्यानें रात्रीं उशिरां लिहिलें कीं, थकलेल्या कर्जाची नोटीस आली आहे, कोणी जाणता माणूस बँकेंत बरोबर येईल काय? संदेश नाहींसा झाला. तो पोहोंचला नसावा असें समजून त्यानें पुन्हां पाठविला, आणि तिसऱ्या खेपेस बॉटानें त्यास गटाबाहेर काढलें. गांव निजलें होतें; कोणास कांहींच कळलें नाहीं. बाजाराच्या दिवशीं त्यानें आम्हांस पाहून तोंड फिरविलें. आम्हीं हटकलें तेव्हां म्हणाला, "कर्ज झालं म्हणून मला वाळीत टाकलंत ना, भाऊसाहेब?" आम्हांस मान वर करवेना.

आम्हीं तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें फेरफाराची नोंद घातली तरी ती लागलीच कायम होत नाहीं. संबंधितांस नोटीस जाते, चावडीवर नक्कल लागते, हरकत आल्यास ती तक्रारी नोंदवहींत चढते व चौकशी होते. मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हें सारें पाठ असूनहि शिपाई व न्यायाधीश या दोघांचे अधिकार आम्ही एका यंत्रास देऊन बसलों होतों.

आतां पद्धत बदलली आहे. लिंका व एपीके फायली बॉट काढतो आणि कारण मराठींत कळवितो. संशयास्पद शब्द आढळल्यास तो संदेशास हात न लावतां पंचांस वर्दी देतो. सभासदास बाहेर घालविण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घेतला असून तो दोन पंचांच्या संमतीनेंच वापरला जातो. काढावयाच्या प्रत्येक संदेशाची नक्कल आधीं एका वेगळ्या गटांत ठेवली जाते. कारण व्यवस्थापकांनीं काय काय केलें याची टेलिग्रामची स्वतःची नोंद ४८ तासांपुरतीच दिसते. ती वही रोज निजण्यापूर्वीं एका पंचानें वाचावी असा पाळीचा नियम आहे. नवा नियम प्रथम चार माणसांच्या लहान गटांत चालवून पाहतों.

तो तरुण परत आला आहे. त्याच्याबरोबर आम्ही व आणखी एक सभासद बँकेंत जाऊन आलों. हप्ते बांधून मिळावेत म्हणून बोलणें चालूं आहे. ज्या गांवांस असा बॉट ठेवावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य ठेवावा. परंतु नेमणुकीच्या दिवशींच त्याची वही कोणी व केव्हां वाचावयाची तें ठरवून टाकावें, अशी आमची विनंती आहे.