वाघोडियातल्या मराठी वाचकाला काय द्यावं?

बडोद्याजवळच्या वाघोडिया जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीपाशी चहाच्या टपरीवर जळगावकडचा एक तरुण कामगार भेटला. माझ्या हातात दिवाळी अंक पाहून म्हणाला, "दादा, वाचून झाला की द्याल?" दोन वर्षांत त्याला इथे मराठी पुस्तक मिळालं नव्हतं.

मला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या पुस्तकांच्या पेट्या आठवल्या. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. मग लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं खेडोपाडी जाऊ लागली. वाचक येण्याची वाट पाहायची नाही, पुस्तकानं निघायचं!

बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत, पण बारा तासांची पाळी करून तिथवर कोण जाणार?

म्हणून मी पंचवीस पुस्तकांची पेटी टपरीवर ठेवली. अनामत नाही, पत्त्याचा पुरावा नाही; भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार तो आणणार कुठून? वहीत फक्त नाव.

आणि निवड? परप्रांतात आलेल्या कामगाराला स्पर्धा परीक्षेची, नाहीतर उपदेशाची पुस्तकं देतात. हे मला मुळीच पटत नाही. थकलेल्या माणसाला गोष्ट हवी असते. सर्वांत जास्त फिरतात बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर आणि जुने दिवाळी अंक.

तुमच्या भागात अशी पेटी ठेवायची आहे? काहीही विचारा, सांगतो.