दुसरा अंतरा

बदलापूरच्या मांजर्लीतल्या हळदीत रात्री साडेआठच्या सुमाराला एक वेळ ठरलेली असते. हळद लावून झालेली असते, नवरदेवाचा बनियन पिवळाधमक झालेला असतो, पहिली पंगत उठून दुसरी बसायची असते आणि पोरं हळूहळू आमच्यासमोर येऊन उभी राहतात. ताशावाला माझ्याकडे बघतो. मी बँजोच्या तारांवरून एकदा नखी फिरवून सूर बघून घेतो. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, "भाऊ, झिंगाट लावा ना!"

लावा म्हणतात, वाजवा म्हणत नाहीत. मोबाईलवर लावतात तसं. या एका शब्दाचा मला पूर्वी फार राग यायचा.

आमच्याकडे ज्याला बँजो म्हणतात, तो गळ्यात अडकवायचा अमेरिकन बँजो नव्हे. आडवी लाकडी पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. पुस्तकात याला बुलबुल तरंग म्हणतात. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या बटणांची कल्पना घेऊन ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, त्याचाच हा आपल्याकडचा भाऊबंद. पुढे त्याला पिकअप बसला, आवाज अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडू लागला, जोडीला ढोल, ताशा, ऑक्टोपॅड, कॅसिओ आला आणि मुंबई-ठाणे-रायगडात बँजो पार्ट्या उभ्या राहिल्या. गणपतीची मिरवणूक, वरात, आगरी-कोळ्यांची हळद हे आमचं शेत. मी दिवसा नोकरी करतो आणि लग्नसराईत संध्याकाळी वाजवतो. 'झिंगाट' ज्या चित्रपटातलं, तो 'सैराट' यायच्या आधी पाच वर्षं मी पार्टीत होतो, म्हणजे त्या गाण्याआधीचे दिवसही मला आठवतात.

'सैराट' 29 एप्रिल 2016 ला आला, ऐन लग्नसराईत. संगीतकार अजय-अतुल यांनी स्वतः गायलेलं 'झिंगाट' दोन आठवड्यांत प्रत्येक मांडवात पोचलं. पहिला महिनाभर आम्हीही ते आनंदानं वाजवलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका हळदीत मी ते पाच वेळा वाजवलं. पाचव्या वेळी बोटं आपोआप बटणांवर पडत होती आणि मी मनात हिशोब करत होतो की सामान टेम्पोत चढवायला किती वेळ लागेल. घरातली एक मावशी हळदीच्या हातानंच माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जेवलास का रे तू?" माझं तोंड इतकं उतरलं होतं की तिला वाटलं, पोरगा उपाशी आहे. ज्या घरानं आनंदाच्या दिवशी मला बोलावलं, त्या घरच्या बाईला माझी काळजी करावी लागली. ती रात्र मला फार लागली.

माझे काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एकादशीला मी त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. तीच गाणी, तीच फर्माईश, आता नको वाटतं. काकांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायचं काम थांबवलं नाही. म्हणाले, "रूपाचा अभंग मी चाळीस वर्षं वाजवतोय. भजनाला बसलं की आधी तोच. मला कोणी विचारत नाही कंटाळा आला का." मी म्हटलं, "काका, अभंगाची गोष्ट वेगळी." त्यांनी त्यावर वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या त्या गाण्याचा दुसरा अंतरा वाजवून दाखव."

मला तो येत नव्हता.

शेकडो वेळा ते गाणं वाजवलं होतं, पण मुखडा, पहिला अंतरा, परत मुखडा, मग ताशाचा तोडा आणि पुढचं गाणं, एवढंच. नाचणाऱ्यांना तेवढंच पुरतं असं आम्हीच ठरवलं होतं. काका म्हणाले, "मग तुला काय नावडलं ते तरी नीट बघ." आणि कणीक थापटत राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी अभंग सुरू केला तेव्हा मी पहिल्यांदा फक्त त्यांच्या हातांकडे बघत बसलो. गाणाऱ्यानं चाल जराशी लांबवली की ते ठेका मोकळा सोडत होते. टाळकरी पुढे धावायला लागले की डाव्या हातानं एकच भरदार घाव टाकून सगळ्यांना जागेवर आणत होते. अभंग तोच, पण त्या दिवशीचे गाणारे, त्या दिवशीचे टाळ आणि मागे बसलेली त्या दिवशीची माणसं यांच्याकडे त्यांचा पूर्ण कान होता.

मग आठवडाभर बदलापूर ते सीएसएमटी, अडुसष्ट किलोमीटर जाताना आणि तेवढेच येताना, मी कानात हेडफोन घालून तेच एक गाणं ऐकलं. विंडो सीट मिळो न मिळो. पहिले दोन दिवस जड गेले. तिसऱ्या दिवशी मी गायकाला सोडून फक्त तालवाद्यांच्या मागे गेलो, चौथ्या दिवशी कडव्यांमधल्या पीसच्या मागे. 'सैराट'च्या संगीताचा सिंफनीचा भाग लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला, हे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. त्याच माणसांनी गावच्या मिरवणुकीचा दणका उभा करताना कुठे भरलंय आणि कुठे मोकळं सोडलंय, ते मला दिसायला लागलं. आम्ही मांडवात पहिल्या ठोक्यापासून सगळी वाद्यं एकदम सोडतो. मग पुढे चढायला जागाच उरत नाही. कंटाळा तिथून येत होता.

पुढच्या ऑर्डरला मी पार्टीतल्या सगळ्यांना एक विनंती केली. मुखडा दुसऱ्यांदा आला की आपण थांबायचं. ढोल नाही, ताशा नाही, बँजो नाही. फक्त ऑक्टोपॅडवाल्यानं ठेका धरायचा. ढोलवाला तयार नव्हता, "लोक म्हणतील लाईट गेली." पण आम्ही केलं. वाद्यं थांबली आणि क्षणभर मांडव गोंधळला. मग समोरच्या दीडशे माणसांनी ती ओळ स्वतः म्हटली. आत भांडी घासणाऱ्या बायकांनीसुद्धा. नखी वर धरून मी नुसता उभा होतो. इतकी वर्षं आमच्या आवाजाखाली लोक गात होते आणि मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. त्या जागी परत वाजवायला सुरुवात करताना अंगावर काटा आला आणि आजही त्या जागेची मी वाट बघतो.

'नागिन'ची गोष्ट याहून जुनी. वरातीत कुणीतरी रुमालाचं टोक दातात धरतो, दुसरा हाताचा फणा करतो आणि बीन वाजवावी लागते. मला ती लहानपणापासून नकोशी होती. काकांच्या प्रश्नानंतर मी तिच्याही मागे लागलो. 1954 सालच्या 'नागिन'चं संगीत हेमंतकुमार यांचं. त्यातली बीन पुंगीवर वाजलेलीच नाही. कल्याणजी-आनंदजींमधले कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली आणि हार्मोनियमवर साथीला होते रवी. क्लॅव्हिओलिन हे 1947 साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनवलेलं, व्हॉल्व्हवर चालणारं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य. म्हणजे फ्रेंच यंत्रानं पुंगीची नक्कल केली आणि ती नक्कल मी जपानी वंशाच्या वाद्यावर बदलापुरात वाजवतो. तेच रवी पुढे स्वतः संगीतकार झाले. 'नीलकमल'मधलं (1968) मुलीच्या पाठवणीचं गाणं त्यांचं, 'आदमी सडक का'मधलं (1977) मित्राच्या लग्नाचं गाणंही त्यांचंच, दोन्ही मोहम्मद रफींच्या आवाजातली. वरातीतली बीन, मित्रांचा नाच आणि निघताना सासरच्या गाडीपाशी वाजतं ते, या तिन्हींना एकाच माणसाचा हात लागलेला आहे. हे कळल्यावर ती बीन मला परकी राहिली नाही.

पण माहिती मिळून हात वळत नाही. पुंगीवाला गालात हवा धरून नाकानं श्वास घेत राहतो, त्यामुळे त्याचा सूर तुटत नाही. बँजोचा सूर छेडल्याबरोबर मरायला लागतो. बटण तारेला ठरलेल्या जागीच दाबतं, त्यामुळे बोट सरकवून मींड काढता येत नाही. मग उपाय दोनच. उजव्या हाताची नखी इतकी बारीक आणि सारखी फिरवायची की छेड ऐकू न येता नुसता सूर राहावा. आणि डाव्या बोटानं बटण गरजेपेक्षा किंचित जास्त दाबायचं, म्हणजे तार ताणली जाऊन सूर केसभर वर जातो आणि सोडला की खाली येतो. तेवढाच त्याचा डोल. मनगट सैल राहिलं नाही तर अर्ध्या मिनिटात हात भरून येतो. पावसाळ्यात ऑर्डरी नसतात, तेव्हा मी तीन महिने गच्चीच्या जिन्यात बसून अॅम्प्लिफायर न लावता हे केलं. आजही दहातल्या सहा वेळा जमतं. जमलं की नाचणाऱ्याला काही कळत नाही, तो आपला डोलत असतो, पण ढोलवाला मान वर करून माझ्याकडे बघतो.

युरोपातल्या वादकांचंही असंच एक गाणं आहे. सतराव्या शतकातल्या योहान पाखेलबेल या जर्मन संगीतकाराचा कॅनन तिकडच्या लग्नांत सारखा वाजतो. त्यात चेलोवाल्याला तेच आठ सूर अठ्ठावीस वेळा वाजवायचे असतात. तिथल्या कुठल्याशा चेलोवाल्याबद्दल मला फार जवळीक वाटते.

अजून एक सवय लावून घेतली. आधी मी वाजवताना बटणांकडे बघायचो, आता पायांकडे बघतो. आमच्या भागात आता घाटावरची, कोकणातली, खानदेशातली माणसं सोसायट्यांमध्ये राहायला आली आहेत. हळदीत कुणी कोळीगीत मागतं, कुणी अहिराणी, आणि शेवटी सगळे झिंगाटला एकत्र येतात. पण पाय एकसारखे पडत नाहीत. पोरं उड्या मारतात, त्यांना लय चढी लागते. म्हाताऱ्या बायका जागच्या जागी गुडघ्यात जरा वाकून, मनगट फिरवत नाचतात, त्यांना ती झेपत नाही. त्या मध्ये आल्या की मी ताशावाल्याला डोळ्यानं खुणावतो आणि लय दोन पायऱ्या उतरवतो. पोरांना पत्ता लागत नाही. आजी मात्र पूर्ण गाणंभर टिकतात.

एका हळदीत नवरीचे वडील सकाळपासून धावत होते. मंडपवाला, आचारी, पाण्याचा टँकर, रुसलेले मेहुणे. आमच्यासमोरून ते पंधरा वेळा गेले असतील, एकदाही थांबले नाहीत. पावणेदहाला कुणीतरी त्यांना ओढून आणलं आणि पोरांनी तेच गाणं मागितलं, त्या रात्रीचं तिसऱ्यांदा. त्यांना नाचता येत नव्हतं. दोन्ही हात वर करून ते नुसते गोल फिरत राहिले, डोळे मिटून. मी ते गाणं हजारदा वाजवलेलं असेल. त्यांच्या मुलीच्या हळदीत ते त्यांच्यासाठी एकदाच वाजणार होतं. आम्ही दुसऱ्या अंतऱ्यासकट पूर्ण वाजवलं.

याचा अर्थ मी काहीही वाजवतो असा नाही. बायांबद्दल घाण बोलणारी गाणी आमच्या पार्टीत वाजत नाहीत, बयाणा परत करावा लागला तरी. बँजोला शब्द नसतात असं काही जण समजावतात. पण सूर निघाला की मांडवातल्या प्रत्येकाच्या तोंडात शब्द येतात, हे मी स्वतः ऐकलंय. एखादं गाणं वाजवून वाजवून नकोसं होणं वेगळं आणि गाणंच वाईट असणं वेगळं. पहिल्यावर मेहनत घेता येते, दुसऱ्यावर घेऊ नये असं माझं मत आहे.

काका आता क्वचित भजनाला जातात, गुडघे दुखतात. मी मात्र एकादशीला जातो आणि मागे बसून टाळ धरतो.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, आणि तो करायलाच हवा, शेजारी आजारी माणसं असतात, दहावी-बारावीची पोरं असतात. तेव्हा तुमच्या घरी हळद असेल आणि बँजो सांगितला असेल तर एवढंच करा. झिंगाट हवं असेल तर पावणेदहाच्या आत सांगा. दहाला पाच कमी असताना सांगू नका. दुसरा अंतरा वाजवायला वेळ लागतो.