थेट विक्रीचा तात्पुरता गाळा : मांडणी आणि शब्दव्यवहार

घरातून चालणाऱ्या विक्रीव्यवसायाला कायमचे दुकान नसते. दिवाळीपूर्वी मंगल कार्यालयांत, सभागृहांत किंवा गृहसंकुलांच्या आवारांत जी प्रदर्शने भरतात, त्यांतील एक-दोन दिवसांचा गाळा हेच त्याचे दुकान होय. एखाद्या कंपनीची प्रसाधने, स्वयंपाकघरातील डबे वा पोषक पदार्थ ओळखीपाळखीत विकणारी गृहिणी अशा गाळ्यात प्रथमच अनोळखी गिऱ्हाइकासमोर उभी राहते. घरी तिच्यासाठी नाते बोलत असते. येथे मांडणी, पाटी आणि तोंडचे चार शब्द यांनाच बोलावे लागते. हे तीन घटक कसे कार्य करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. ‘थेट’ या शब्दाचे दोन अर्थ

महाराष्ट्रात ‘थेट विक्री’ म्हटले की सामान्य श्रोत्याच्या मनात उत्पादक आणि ग्राहक यांच्यामध्ये कोणी नाही, असा अर्थ उभा राहतो. 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यानंतर शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारांमुळे हा अर्थ अधिकच दृढ झाला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 यातील व्याख्या मात्र वेगळी आहे. तेथे विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत, कायमच्या किरकोळ विक्रीस्थानाखेरीज अन्यत्र होणाऱ्या विक्रीस थेट विक्री म्हटले आहे. म्हणजे एका अर्थी मध्यस्थाचा अभाव, तर दुसऱ्या अर्थी मध्यस्थांचेच जाळे. अभाव आहे तो केवळ दुकानाचा. गाळ्यावर ‘थेट विक्री’ एवढेच लिहिले तर वाचणारा पहिला अर्थ घेतो आणि विक्रेती दुसऱ्या अर्थाने व्यवहार करते. कोणीही खोटे बोललेले नसताना गैरसमज मात्र निर्माण होतो.

२. बैठक आणि उंची

विक्रीच्या जागेला मराठीत जे शब्द आहेत, त्यांतून विक्रेत्याच्या देहाची स्थिती सूचित होते. ‘पथारी’ म्हणजे अंथरलेले वस्त्र. तेथे विक्रेता जमिनीवर बसतो आणि गिऱ्हाईक वाकते. ‘दुकान’ हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा एक अर्थ ओटा वा चौथरा असा आहे. तेथे विक्रेता उंचावर बसतो आणि गिऱ्हाईक खाली उभे राहते. इंग्रजीतून आलेल्या ‘स्टॉल’ या शब्दाचा जुना अर्थ उभे राहण्याची जागा, विशेषतः तबेल्यातील खण, असा आहे. प्रदर्शनाचा गाळा या तिसऱ्या प्रकारात मोडतो. येथे दोघेही उभे असतात आणि दृष्टी दृष्टीस समोरासमोर भिडते.

व्यवहारात मात्र पहिल्या तासानंतर विक्रेती संयोजकांनी दिलेल्या खुर्चीवर बसते आणि पथारीची रीत नकळत गाळ्यात शिरते. टेबल सुमारे अडीच फूट उंच असते. त्यामागे बसलेल्या व्यक्तीला मान वर करून बोलावे लागते, आणि तिला उठवण्याचा संकोच वाटून गिऱ्हाईक पुढे निघून जाते. म्हणून दोघींनी आळीपाळीने उभे राहणे इष्ट. टेबल गाळ्याच्या तोंडाशी आडवे लावल्यास ते भिंतीसारखे होते; एका बाजूस लावून दुसरी बाजू मोकळी ठेवल्यास गिऱ्हाईक आत पाऊल टाकते. टेबलावरील कापड जमिनीपर्यंत सोडावे, म्हणजे मालाची खोकी झाकली जातात. कापडाखाली रिकामी खोकी ठेवून दोन-तीन पायऱ्या कराव्या, म्हणजे मागची वस्तूही दिसते. सर्व माल एकदम मांडू नये. वस्तू थोड्या असल्या तर डोळा एकीवर स्थिरावतो. फार झाल्या तर तो कोठेच थांबत नाही.

३. पाटी

पाटी दोन अंतरांवरून वाचली जाते. दुरून येणाऱ्यास वस्तू कोणती एवढेच कळायला हवे. हे शब्द डोक्यापेक्षा उंच असावेत, कारण गर्दी झाली की खालचा मजकूर झाकला जातो. जवळ आलेल्यास वजन, किंमत व उत्पादकाचे नाव हवे असते. पुष्कळ विक्रेत्या याच्या उलट करतात : वर स्वतःच्या व्यवसायाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि वस्तू कोणती हे कोठेच नाही.

किमतीच्या चिठ्ठ्या लावण्यास काहींची नाखुषी असते. भाव विचारण्याच्या निमित्ताने बोलणे निघेल, असा त्यांचा हिशेब. परंतु भाव विचारून न घेणे अनेकांना अवघड वाटते. असे गिऱ्हाईक विचारतच नाही.

पाटीवरील शब्दांत सर्वांत जपून वापरावा असा शब्द ‘घरगुती’ हा होय. ‘घरगुती गॅस’ म्हणजे घरात वापरायचा गॅस; ‘घरगुती लोणचे’ म्हणजे घरी केलेले लोणचे. एकच विशेषण एकदा उपयोग सांगते, एकदा उत्पत्ती. खाद्यपदार्थापुढे ते आले की मराठी वाचक उत्पत्तीचाच अर्थ घेतो. कारखान्यात तयार झालेले पोषक चूर्ण ‘घरगुती’ या पाटीखाली ठेवले तर ग्राहकाची फसगत होते. विक्रेत्रीचा व्यवसाय घरगुती असतो, माल नव्हे. हा भेद पाटीवर स्पष्ट दिसला पाहिजे.

‘गुणकारी’ या शब्दाचीही तीच गत आहे. मधुमेहासारख्या विवक्षित रोगांवर औषध म्हणून जाहिरात करण्यास 1954 च्या औषधे व जादुई उपाय यांसंबंधीच्या कायद्याने मनाई केली आहे. शिवाय 2021 च्या थेट विक्री नियमांनुसार कंपनीने अधिकृत केलेल्या दाव्यांशी विसंगत असा दावा विक्रेत्याला करता येत नाही. ‘माझ्या सासूबाईंची साखर यानेच उतरली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अनुभवकथन असले, तरी गाळ्यात उच्चारल्यावर ते जाहिरातच ठरते.

४. तोंडचे शब्द

उक्ती ही कृतीही असते, हे ऑस्टिन यांच्या 1962 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून सुपरिचित झाले आहे. गाळ्यात त्याची उदाहरणे पावलोपावली आढळतात. ‘काय पाहिजे?’ या प्रश्नात गरज गृहीत आहे. गरज नसलेल्याला ‘काही नाही’ म्हणणे सोपे जाते. ‘दोन देऊ की चार?’ यात खरेदीच गृहीत धरली आहे. भिडस्त माणूस त्यात सापडतो खरा, पण पुन्हा फिरकत नाही. ‘घ्यायचं नसलं तरी बघून जा’ हे वाक्य नकाराची वाट आधीच मोकळी करून देते, आणि म्हणूनच माणूस थांबतो. उलट ‘एक फेरी मारून येते हं’ हा बहुधा सौजन्यपूर्ण नकार असतो. त्याचा पाठपुरावा करू नये.

‘ताई’, ‘काकू’, ‘दादा’ या संबोधनांनी परकेपणा क्षणात कमी होतो. त्यांत एक जोखीमही आहे. चाळिशीच्या स्त्रीला ‘काकू’ म्हटले तर ती दुखावते. ‘ताई’ हे वयाचा अंदाज न लावणारे संबोधन अधिक सुरक्षित. परंतु नाते जोडल्यानंतर ओळख लपवणे शोभत नाही. विक्रेत्याने बोलण्याच्या आरंभीच, कोणी न विचारता, आपले नाव, कंपनी, मालाचे स्वरूप आणि बोलण्याचा हेतू सांगावा, असे 2021 चे नियम सांगतात. ‘ताई, मी अमुक कंपनीची विक्रेती, ही भांडी दाखवते’ एवढ्या एका वाक्यात हे बसते. हेतू सभासद जोडण्याचा असेल तर तोही तेथेच सांगावा. वस्तू दाखवता दाखवता ‘व्यवसायाच्या संधी’कडे वळणे म्हणजे एका हेतूच्या आड दुसरा दडवणे होय.

वहीत दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला म्हणून घरी येण्याची परवानगी मिळत नाही. पूर्वसंमती आणि ओळखपत्र यांवाचून ग्राहकाच्या घरी जाण्यास नियमांत मनाई आहे.

५. हिशेब

उदाहरणादाखल, गाळ्याचे भाडे 3,000 रुपये, वाहतूक 500 आणि नमुने 500, असा 4,000 रुपये खर्च धरावा. विक्रीवर शेकडा 20 सुटत असतील, तर केवळ खर्च भरून येण्यास 20,000 रुपयांची विक्री हवी. श्रमांचे मोल त्यानंतर. हा आकडा गाळा घेण्यापूर्वी मांडावा. पहिल्या विक्रीला ‘भवानी’ म्हणतात, आणि ती लवकर व्हावी म्हणून भाव पाडण्याची रीत जुनी आहे. परंतु पहिल्या गिऱ्हाइकाला दिलेला भाव शेजारी उभे असलेले दुसरे ऐकत असते, आणि दिवसभर तोच भाव मागितला जातो.

६. समारोप

दुकानदाराची पत दुकानाच्या जागेत साठत जाते. तात्पुरत्या गाळ्याला असा आधार नाही. सायंकाळी कापड घडी झाले की जागा नाहीशी होते. मागे उरते ते उच्चारलेल्या शब्दांचे स्मरण. थेट विक्रीत ते शब्द पुढे शेजारीण, नणंद, मुलाच्या वर्गमित्राची आई यांच्यापर्यंत पोहोचतात. फसगतीचा बोल कंपनीला क्वचित लागतो. तो लागतो विक्रेत्रीला, आणि तोही तिच्याच उंबऱ्याशी. ‘थेट’, ‘घरगुती’ आणि ‘गुणकारी’ हे शब्द नेमक्या अर्थाने वापरण्यात तिचे स्वतःचेच हित आहे, ते यामुळे.