बोल्बींचे ४४ चोर

लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात १९३६ ते १९३९ या काळात आलेल्या, चोरीची सवय असलेल्या ४४ मुलांच्या नोंदी मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यातली १४ मुलं त्यांना वेगळी वाटली. कुणाविषयी माया नाही, केल्याची लाज नाही. या १४ पैकी १२ जण नकळत्या वयात आईपासून दीर्घकाळ दुरावलेले होते. कुणी इस्पितळात, कुणी परक्या घरी. केंद्रात येणाऱ्या, पण चोरी न करणाऱ्या ४४ मुलांत असे निघाले फक्त दोघे.

आकडे बोलके खरे, पण मुलं तपासणारे बोल्बीच आणि निष्कर्ष काढणारेही तेच! पुढे त्यांनीच सहकाऱ्यांसह क्षयरोगाच्या आरोग्यधामात राहून आलेली ६० मुलं तपासली, तेव्हा बहुतेकांचं व्यक्तिमत्त्व तसं कोरडं झालेलं दिसलं नाही. आईपासून दुरावण्याचा धोका काहीसा फुगवून सांगितला गेला, हे १९५६ च्या त्या लेखात मान्य केलेलं आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये आणखी एक फरक दाखवला: जुळलेलं नातं तुटणं वेगळं, मुळात जुळलंच नसणं वेगळं. घरातली सततची भांडणंही त्यांनी हिशेबात धरली.

अशा मायाहीन, निर्लज्ज वागण्याशी जोडल्या जाणाऱ्या समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान आज अमेरिकी निकषांनुसार १८ वर्षांआधी करता येत नाही. मात्र १५ व्या वर्षापूर्वीच गंभीर वर्तनसमस्या सुरू झालेल्या असाव्या लागतात. अशा समस्या असलेल्या बहुतेक मुलांना मोठेपणी हा विकार होत नाही.