कुणाच्याच छातीवर नसणारा बॅज

दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेकडून टीएलडी बॅजच्या, म्हणजे कर्मचाऱ्याला किती किरण लागले ते मोजणाऱ्या बॅजच्या, कार्डांचं पाकीट येतं. एक्स-रे विभागात ज्याचं-त्याचं कार्ड वाटलं की एक उरतं: ‘कंट्रोल’. बिननावाचं, त्यामुळे बेवारस.

कार्डातल्या तीन चकत्या डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या. किरण शोषून ठेवतात आणि तापवल्या की त्या प्रमाणात उजेड देतात. पण किरण मशीनचे की मातीचे, हे त्यांना कळत नाही. निसर्गाकडून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातला निम्मा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉनचा. पण जमीन, भिंती आणि आकाशातून येणारं चकत्यांवर साठतंच. कंट्रोलवर जेवढं साठलं तेवढं प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करतात.

एका रुग्णालयात सगळ्यांचे आकडे सलग शून्य. व्यवस्थापन खूश! मला मात्र तो रिपोर्ट फारच गुळगुळीत वाटला. कंट्रोल कुठे ठेवता, असं विचारलं, तर एक्स-रे खोलीतल्याच खिळ्याकडे बोट. “सगळे एकत्र असले की हरवत नाहीत, मॅडम,” तिथले शिपाईमामा म्हणाले. म्हणजे कंट्रोलच दिवसभर किरण खात होता, आणि त्याचा फुगलेला आकडा सगळ्यांच्या खऱ्या मात्रेतून वजा होत होता. आता तो रेकॉर्ड रूमच्या कपाटात असतो.

उलटा प्रकारही होतो. एका टेक्निशियनचा आकडा 10 मिलिसिव्हर्टच्या वर गेला. तिथून चौकशी सुरू होते, एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला, उत्तर द्यावं लागतं. गडी बहिणीच्या लग्नाला महिनाभर गावी. बॅज मात्र एप्रनला लावलेला आणि एप्रन ट्यूबसमोर टांगलेला. जुन्या फिल्म बॅजवर फिल्टरच्या कडा ठळक उमटल्या, तर तो एका जागी पडून होता अशी शंका तरी घेता येई. चकतीत फक्त आकडा, आणि वाचताना साठवणही बहुतेक पुसली जाते. मग रजेचे अर्ज, ड्युटीचं रजिस्टर आणि जबाब.

कॅथलॅबचं काय सांगावं! कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांत 100, कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट. आकडा चढू लागला की काही डॉक्टर बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून आत जातात. “रिपोर्ट चांगला येतो ना?” असं वर मलाच विचारतात. येतो. ड्रॉवरमधला बॅज आणि कपाटातला कंट्रोल, दोघांचे आकडे तंतोतंत जुळतात.