‘एरे’ या नांवाचा अर्थ

ज्या देशास जग आयर्लंड म्हणतें, त्याचें तेथील मूळ भाषेंतील नांव ‘एरे’ असें आहे. जुनी कथा सांगते कीं, एरिऊ, बान्बा व फोदला या तीन देवता-भगिनींनीं ‘या बेटास आमचें नांव द्या’ अशी मागणी नवागतांजवळ केली. त्यांत एरिऊचें नांव रूढ झालें.

ही झाली दंतकथा. बहुतेक भाषापंडितांच्या मतें या शब्दाचें मूळ ‘पुष्ट, सुपीक भूमि’ या अर्थाचें असून संस्कृत ‘पीवरी’ हा त्याचाच सगोत्र होय. केल्टिक भाषांत आरंभींचा ‘प’ गळतो. म्हणूनच आपल्या ‘पितृ’शब्दाचा आयरिश भाऊबंद ‘आहिर’ असा उच्चारतात. रोमन लोकांनीं मात्र ‘हिबर्निया’ म्हणून या सुपीक भूमीस हिवाळ्याचा रंग दिला!

१९३७ च्या राज्यघटनेनें ‘एरे’ हें राष्ट्राचें नांव व आयरिश ही पहिली राजभाषा ठरविली. हें सर्वथा उचित झालें. परंतु २०२२ च्या खानेसुमारींत सुमारें १९ लक्ष लोकांनीं ही भाषा आपणांस येते असें सांगितलें, आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले अवघे ७२ हजार! दुकानाच्या पाटीवर वडिलांचें नांव रंगवावें आणि जमाखर्च मात्र परभाषेंत लिहावा, तशांतलाच हा प्रकार. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, कायदा नांव परत देऊं शकतो. भाषा परत आणणें हें ज्याच्या त्याच्या जिभेचें काम आहे.